बगीचं पुढचं सस्पेन्शन स्वतः बांधताना: आधी रॅक, शेवटी स्प्रिंग

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीत ओळखीच्या एका शेडमध्ये दोन सीटची बगी (मोकळ्या माळावर पळवायची हलकी गाडी) बांधतोय. इंजिन मारुती 800 चं (796 सीसी, तीन सिलिंडर), मागे बसवलेलं, ड्राइव्हही मागच्याच चाकांना. गाडी खाजगी जागेतच चालणार. पुढच्या चाकांना दोनच कामं, वळणं आणि खड्डे पचवणं. मागचा भाग उभा राहिलाय. आता पुढच्या डबल विशबोनचं (प्रत्येक चाक वर-खाली दोन हातांनी धरणारी रचना) डिझाइन पक्कं करतोय. वेल्डिंगला बसण्याआधी ते इथे मांडतो, जाणकारांनी निर्दयपणे तपासावं.

स्वतः सस्पेन्शन बांधणारा माणूस बहुतेक वेळा आधी शॉकअप विकत आणतो, मग त्याला जागा शोधतो, आणि स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावीउजवीकडे सरकून चाकं वळवणारा दांडा) सगळ्यात शेवटी, मिळेल त्या फटीत बसवतो. मला हा क्रम मुळातच चुकीचा वाटतो. खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपोआप थोडं वळतं, त्याला बंप स्टिअर म्हणतात. तो किती होणार हे रॅकच्या जागेवर ठरतं. स्प्रिंग नंतर कधीही बदलता येते. चासीला वेल्ड केलेले पिव्हट, म्हणजे हातांच्या बिजागऱ्या, बदलायचे तर चासी कापावी लागते.

म्हणून मी रॅक आधी घेतला. बगीसाठी मिळतो तो छोटा रॅक, आतल्या दोन बॉलमधलं अंतर 440 मि.मी. म्हणजे गाडीच्या मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला 220. विशबोनचे आतले पिव्हट याच आकड्यावरून काढले: खालचा 200 वर, वरचा 240 वर. समोरून पाहिलं तर या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या मधोमध रॅकचा बॉल येतो. खालचा हात 380, वरचा 300, टाय रॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारी दांडी) 340. टाय रॉडचा बाहेरचा बॉलही नकलच्या (चाक धरणाऱ्या तुकड्याच्या) दोन बॉल जॉइंटना जोडणाऱ्या रेषेवर ठेवलाय. तिन्ही दांड्या वाढवल्या की एकाच बिंदूत मिळतात. कागदावर तरी.

ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) 1300. किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा, समोरून दिसणारा कल 10 अंश; त्याच अक्षाचा बाजूने दिसणारा मागचा कल, म्हणजे कॅस्टर, 8. चाकाचा प्रवास वर 130, खाली 90 ते 100 मि.मी.

बोला.

चाकोरी

अभिनंदन! पण मूळ प्रश्न असा की डबल विशबोन कशाला? मी वर्षानुवर्षं जिप्सी चालवतोय. पुढे सरळ ॲक्सल, खाली कमान पाटे, आणि दगडधोंड्यात तिला तोड नाही. एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. पाटा तुटला तर कुठल्याही हायवेवर पाटेवाला सापडतो. 2023 मध्ये आलेल्या जिम्नीलाही सुझुकीने पुढे सरळ ॲक्सलच दिलाय, फक्त पाट्यांच्या जागी कॉइल आणि लिंक.

ऐरोलीकर

चाकोरी, तुमच्या जिप्सीला तोड नाही हे मान्यच. पण तिथे पुढचा ॲक्सल चाकं फिरवतोसुद्धा. माझ्या बगीत पुढे डिफरन्शियलच नाही. सरळ ॲक्सल घातला तर नुसतं वजन वाहावं लागेल, आणि तेही स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे सगळ्यात महागडं. गाडी दोन माणसांसकट 620 किलो धरलीय. एवढ्या हलक्या गाडीखाली जड ॲक्सल उसळला की गाडीच उसळते.

सावकाश दगड चढायचे असतील तर ॲक्सल. मोकळ्या माळावर वेगात उसळत जायचं असेल तर स्वतंत्र सस्पेन्शन. माझं काम दुसऱ्या प्रकारचं आहे. थारलाही 2020 मध्ये पुढे डबल विशबोन नि कॉइल दिलं आणि मागे सरळ ॲक्सल ठेवला, कारण तिला रस्त्यावरही नीट चालायचंय.

कायद्याचं_बोला

तांत्रिक चर्चेत एक कोरडा मुद्दा टाकतो, नंतर कुणी हळहळू नये म्हणून. हा धागा वाचून स्वतःच्या नोंदणीकृत जीपला किंवा थारला असले बदल करणार असाल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलंय. ऐरोलीकरांची बगी रस्त्यावर येणारच नाही, त्यामुळे तो प्रश्न वेगळा. पण शेडपासून मैदानापर्यंतही ती टेम्पोतच जायला हवी.

आणि ठाण्यातल्या मंडळींसाठी: येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. 'जरा चाचणी घेऊन येतो' म्हणून तिथल्या पायवाटांवर गाड्या घालू नका. तिथे जनावरांचा वावर आहे.

ऐरोलीकर

पूर्ण सहमत. टेम्पो ठरलेलाच आहे, आणि चाचणीची जागा ओळखीच्यांची, कुंपण घातलेली आहे.

मीठभाकर

मी यातली नाही, पण मुलगा मेकॅनिकलला आहे म्हणून रोज वाचतेय. विशबोन, नकल म्हणजे नक्की काय, कुणी सोपं करून सांगेल का?

जुना_फिटर

ताई, सांगतो. चाक ज्या लोखंडी तुकड्यावर फिरतं तो नकल. तो चासीला दोन हातांनी धरलेला असतो, एक वर, एक खाली. प्रत्येक हात इंग्रजी ए अक्षरासारखा: रुंद बाजू चासीकडे, टोक चाकाकडे. चासीकडे दाराच्या बिजागरीसारखा वरखाली हलतो, चाकाकडे बॉल जॉइंट असतो म्हणून चाक वळूही शकतं. एवढंच. पुढचं सगळं भांडण त्या बिजागऱ्या कुठे ठोकायच्या याचं.

ऐरोलीकर, वागळे इस्टेटमध्ये आयुष्य गेलं माझं जीपच्या पोटाखाली. आकडे तुम्ही मांडलेत ते चांगलेच आहेत, त्यात मी पडत नाही. मी हाताचं विचारतो. नकल कुठला वापरताय? आणि रॅक ॲक्सलच्या पुढे की मागे?

ऐरोलीकर

काका, नकल पुढच्या ड्राइव्हच्या एका छोट्या हॅचबॅकचा आहे. मूळ गाडीत वर मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्याच दोन भोकांवर 10 मि.मी. प्लेटचा ब्रॅकेट बसवून वरचा बॉल जॉइंट घेतोय.

रॅक मागेच. नकलचा स्टिअरिंगचा हात मूळचा मागे वळलेला आहे. डावा नकल उजवीकडे लावून तो हात पुढे आणता येतो, बरेच जण आणतात. पण मग हाताचं टोक आतल्या बाजूला झुकलेलं राहतं, आणि पुढे असलेल्या हाताचं टोक बाहेर झुकलेलं हवं. नाहीतर ॲकरमन (वळणावर आतलं चाक जास्त वळण्याची रचना) उलटं होतं, वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा कमी वळतं. शिवाय रॅकची दिशाही उलटते. त्यापेक्षा रॅक पिंडऱ्यांच्या खालून नेलाय आणि वर जाड फ्लोअर प्लेट टाकतोय.

जुना_फिटर

बरोबर केलंत. आता नीट ऐका. पुढच्या ड्राइव्हचा नकल आहे, म्हणजे त्याच्या मधून ड्राइव्ह शाफ्ट जात होता. तुमच्याकडे शाफ्ट नाही. पण त्या हबमधली बेअरिंगं शाफ्टच्या टोकाच्या नटानेच आवळलेली असतात. नुसता हब दाबून बसवला आणि मधे मोकळं भोक ठेवलं, तर बेअरिंग आवळलं जाणारच नाही. शेडमध्ये ढकलून बघाल तेव्हा चाक मस्त फिरेल, आणि मैदानात हब हलायला लागेल. भंगारातून बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या वळणाऱ्या सांध्याचा) कप आणा, आतल्या गोळ्या नि पिंजरा काढून टाका, त्याचं स्प्लाइनवालं टोक हबमधून घाला आणि नट कंपनीच्या टॉर्कने आवळा. किंवा लेथवर तसाच कॉलर असलेला पिन वळवून घ्या.

ऐरोलीकर

लाखमोलाचं, काका. पिन वळवूनच घेतो, कपापेक्षा हलका होईल.

बाजावाली

दादा, मी नवी मुंबईतल्याच कॉलेजात आहे, आमच्या बाजा संघात सस्पेन्शन बघते. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बाजा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा, 2007 मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला सुरू झाली. बाजात संघांना इंजिन एकसारखंच असतं, त्यामुळे खरा फरक वजनात आणि सस्पेन्शनमध्ये पडतो.)

दोन प्रश्न. पहिला, विशबोनचा पिव्हट-अक्ष बाजूने पाहिला तर आडवा आहे की मागे कललेला? आम्ही तो कलवतो. समोरून दगड आदळला की चाक नुसतं वर न जाता वर आणि मागे जातं, त्यामुळे धक्का थेट चासीत शिरत नाही.

दुसरा, स्प्रिंगचं गणित इथे टाका ना. आमच्याकडे नवीन येणारी मुलं हमखास मोशन रेशोवरच (चाकाच्या तुलनेत शॉकअप किती हलतो ते प्रमाण) अडकतात.

ऐरोलीकर

अक्ष 8 अंश कललेला आहे, म्हणून कॅस्टरही 8. नकल हातांना काटकोनात धरला की दोन्ही एकदमच मिळतात. 130 मि.मी. वर जाताना चाक साधारण 18 मि.मी. मागे सरकतं. मोठ्या बाजा गाड्यांत यापेक्षा जास्त कल पाहिलाय, पण कॅस्टर फार वाढला की पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत मनगटं भरून येतात.

स्प्रिंगचं गणित सविस्तर टाकतो, कारण याच ठिकाणी लोक अंदाजावर पैसे घालवतात.

620 किलोपैकी पुढे 40 टक्के, म्हणजे 248. एका चाकावर 124. त्यातून चाक, टायर, नकल, ब्रेक आणि हातांचा अर्धा भाग मिळून साधारण 24 किलो वजा केले. स्प्रिंगवर खरोखर बसणारं वजन 100 किलो.

मला पुढची फ्रीक्वेन्सी, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डोलते ते, 1.6 हर्ट्झ हवीय. 2π गुणिले 1.6 म्हणजे 10.05, त्याचा वर्ग 101, गुणिले 100 किलो. चाकापाशी ताठरपणा आला सुमारे 10.1 न्यूटन प्रति मि.मी. याचा अर्थ गाडी उभी असताना चाक 97 मि.मी. दबलेलं असेल (981 भागिले 10.1). चाकाचा खालचा प्रवास 90 ते 100 ठेवलाय तो यातूनच आला, हौसेने ठरवलेला नाही. त्याहून जास्त खाली सोडलं तर स्प्रिंग सैल होऊन आपल्या सीटवरून निसटायला लागेल.

आता मोशन रेशो. शॉकअप खालच्या हातावर पिव्हटपासून 258 मि.मी. वर धरलाय आणि हाताच्या काटकोनापासून 28 अंश आत कललेला आहे. 258 भागिले 380 म्हणजे 0.68. त्याला 28 अंशांच्या कोसाइनने गुणलं की 0.60. चाक 100 मि.मी. हललं तर शॉकअप 60 हलतो. बाजावाली, तुमच्या मुलांना सांगा की वर्ग दोन वेगळ्या कारणांमुळे येतो: स्प्रिंग चाकापेक्षा कमी दबते हे एक, आणि तिचं बळ चाकापर्यंत पोचताना पुन्हा त्याच प्रमाणात घटतं हे दुसरं. म्हणून 10.1 भागिले 0.36, म्हणजे 28 न्यूटन प्रति मि.मी. ची स्प्रिंग.

शॉकअपचा स्ट्रोक, म्हणजे त्याचा दांडा सरकण्याचं अंतर: (97 अधिक 130) गुणिले 0.6 म्हणजे 136. मी 140 चा बघतोय.

चाकोरी

मग मोटरसायकलचा मोनोशॉक का नाही? नवा घेतला तरी स्वस्त, आणि भंगारात ढिगाने मिळतात.

बाजावाली

चाकोरीकाका, स्ट्रोक कमी पडतो. बाइकच्या बहुतेक मोनोशॉकचा स्ट्रोक 50-60 मि.मी. च्या आसपास, इथे हवाय 136. तिथे लिंकेजचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून स्प्रिंगही खूप कडक असते. तो इथे बसवायचा तर पिव्हटच्या अगदी जवळ धरावा लागेल. मग मोशन रेशो निम्म्याहून खाली जातो आणि हातात प्रचंड बळ येतं.

दादा, डॅम्पिंगचं काय धरलंय? आणि ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा शॉकअप) घेत असाल तर उलटा लावू नका, आतल्या तेलात हवा मिसळते.

ऐरोलीकर

गॅस भरलेला मोनोट्यूबच (एकाच नळीचा) घेतोय. डॅम्पिंग सुरुवातीला क्रिटिकलच्या (ज्याला डोलणं पूर्ण थांबतं त्या डॅम्पिंगच्या) 0.3 पट. चाकापाशी क्रिटिकल येतं सुमारे 2000 न्यूटन-सेकंद प्रति मीटर, त्याचे 600, शॉकअपपाशी वर्गाने भागून 1670 च्या आसपास. तिथून पुढे मैदानात शॉकअपच्या घुंड्या फिरवून बघायचं.

जुना_फिटर

पाइप कुठला? आणि बॉल जॉइंटच्या जागी रॉड-एंड (आट्यांच्या दांड्यावरचा गोळ्याचा सांधा) लावणार असाल तर आधी माझ्याशी बोला.

ऐरोलीकर

खालच्या हाताला 4130 क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद), 25.4 बाहेरचा व्यास, जाडी 2 मि.मी. टेस्ट सर्टिफिकेटसकट घेतली. फिक्श्चरचे (वेल्डिंग करताना तुकडे जागेवर धरणाऱ्या सांगाड्याचे) चॅनेल, अँगल, प्लेटा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून, साधं माइल्ड स्टील.

4130 बद्दल एक गैरसमज सतत दिसतो. लोक म्हणतात ती 'कडक' असते, म्हणून पातळ पाइप चालतो. ताठरपणा साध्या पोलादाइतकाच आहे, दोन्हींचा यंग मॉड्युलस 205 गिगापास्कलच्या आसपास. त्याच बळाखाली त्याच मापाचा पाइप तेवढाच वाकणार. फायदा एवढाच की कायमचा वाकायच्या आधी ती बराच जास्त भार घेते. जाडी कमी करताना हे ध्यानात ठेवायला हवं. मी खालच्या हातावर जाडी कमी केली नाही, कारण शॉकअपचं सगळं बळ त्याच पाइपच्या पोटात येतं.

रॉड-एंड फक्त आतल्या बाजूला, चासीकडे. बाहेर बॉल जॉइंटच.

जुना_फिटर

मग बोलायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. बाहेरच्या टोकाला रॉड-एंड लावून त्याच्या आट्यांवर कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) जुळवायची पद्धत हल्ली फार दिसते. दिसायला छान असते. पण चाकावर धक्का बसला की तो दांडा आट्यांच्या मुळाशी वाकवला जातो. आटे म्हणजे कापलेल्या खाचाच, चीर तिथूनच सुटते. रॉड-एंड ओढायला आणि दाबायला असतो, वाकवायला नाही.

बोल्टाचंही तेच. ब्रॅकेटला दोन कान हवेत, बोल्ट दोन्हीकडून धरलेला, आणि कानाच्या आत बोल्टाचा सपाट दांडा यावा, आटे नाहीत. 10.9 ग्रेड, नायलॉक नट.

आता वेल्डिंग. प्रत्येक हाताला चासीवर कानांच्या दोन जोड्या लागतात, म्हणजे चार कान. ते सुटेसुटे टॅक करू नका. चारही कानांतून आरपार जाईल अशी एकच सरळ ब्राइट बार घाला, बोल्टाच्याच मापाची, आणि ती अडकवलेली असतानाच वेल्ड मारा. एक टाका इकडे, एक तिकडे, थंड होऊ द्या, मग पुढचा. सगळं गार झाल्यावर बार हाताने फिरवून बघा. हाताने फिरून बाहेर आली तर अक्ष सरळ. हातोडी लागली तर कान ओढले गेलेत, आणि तो विशबोन आयुष्यभर अडकत चालेल.

मध्यरेषेसाठी वरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूची रेघ मारा, कर्ण दोन्हीकडून मोजा. लेझर असेल तुमच्याकडे. तरीही ओळंबा सोडाच.

मीठभाकर

काका, किती छान समजावता तुम्ही! मुलाला हा धागा वाचायला दिलाय.

ऐरोलीकर

मंडळी, पुढचा टप्पा. फिक्श्चरवर दोन्ही बाजूंचे हात तयार झाले आणि चासीला लागले. काकांची ब्राइट बार चारही ठिकाणी हाताने फिरते. 4130 ला टिगने, ईआर70एस-2 तारेने वेल्ड केलं. पाइप पातळ असल्याने आधी तापवायची गरज नव्हती, फक्त पंखा बंद ठेवून सावकाश गार होऊ दिलं. पाण्याचा थेंबही नाही.

स्प्रिंग न लावता बंप स्टिअर मोजला. पद्धत सांगतो, घरीही करता येते. चासी ठोकळ्यांवर पक्की धरली, रॅक मध्यावर अडकवला. चाकाच्या जागी हबला एक सपाट ॲल्युमिनियम प्लेट बोल्ट केली. प्लेटला 250 मि.मी. अंतरावर दोन डायल गेज टेकवले, एक पुढे, एक मागे. मग खालून जॅकने नकल 10-10 मि.मी. वर नेत दोन्ही वाचनांमधला फरक लिहिला. 250 वर 1 मि.मी. फरक म्हणजे 0.23 अंश.

पहिलं वाचन: पूर्ण वर, 130 ला, 5.7 मि.मी. म्हणजे 1.3 अंश टो-इन (चाकाचं पुढचं टोक आत वळणं). खाली 90 ला 0.9 अंश टो-आउट (बाहेर वळणं).

बाजावाली

वर इन, खाली आउट, म्हणजे जवळजवळ सरळ रेषा. टाय रॉडची लांबी ठीक आहे, रॅकची उंची चुकतेय ना?

ऐरोलीकर

अगदी बरोबर, आणि हे ओळखता येणं फार महत्त्वाचं आहे. आलेख तिरक्या सरळ रेषेसारखा आला तर उंची बघायची. वरखाली दोन्हीकडे चाक एकाच दिशेला वळत असेल, म्हणजे आलेख कमानीसारखा आला, तर टाय रॉडची लांबी बघायची. दोन्ही मिसळलेलं असेल तर आधी उंची सुधारायची.

रॅक मागे आहे आणि वर जाताना टो-इन येतंय. म्हणजे टाय रॉड हाताचं टोक बाहेर ढकलतोय, म्हणजेच रॅक वर बसलाय. रॅकच्या ब्रॅकेटखाली याचसाठी सुरुवातीपासून 10 मि.मी. च्या शिम (उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या) ठेवल्या होत्या. 5 मि.मी. काढल्या. आता 130 ला 0.3 अंश, खाली 0.2. 110 मि.मी. च्या स्टिअरिंग हाताला आणि 340 च्या टाय रॉडला 5 मि.मी. म्हणजे सुमारे 1 अंश, हे गणितातही येत होतं. गणित आणि डायल गेज एकमेकांशी जुळले तेव्हा शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

चाकोरी

हे वाचून मत बदललं म्हणत नाही, पण माझ्या जिप्सीची ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी) पाट्याच्या शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कडीच्या) हिशेबाने कशी बसलीय ते उद्या खाली झोपून बघणार आहे.

जुना_फिटर

जरूर बघा. पाटे वाढवून गाडी उंच करणाऱ्यांचं स्टिअरिंग खड्ड्यात झटका मारतं ते बहुतेक त्याचमुळे. गाडी उंच झाली, ड्रॅग लिंक तिरकी झाली, आणि ती सरळ करायला कुणी जात नाही.

ऐरोलीकर, प्रवासाच्या टोकांना काय लावलंय? शॉकअपच्या आतल्या थांब्यावर गाडी आपटली तर दांडा वाकतो.

ऐरोलीकर

वर रबरी बंप स्टॉप, शेवटच्या 30 मि.मी. त लागणारा, थेट खालच्या हातावर. खाली नायलॉनचा पट्टा. म्हणजे उडीनंतर लटकणाऱ्या चाकाचं वजन शॉकअपच्या डोळ्यावर येणार नाही.

बाजावाली

दादा, एक राहिलं. पूर्ण स्टिअरिंग वळवून, पूर्ण खाली सोडून टायर वरच्या हाताला लागत नाही ना? आम्ही नऊ स्थिती तपासतो: वर, मध्य, खाली, आणि प्रत्येकात डावं, सरळ, उजवं.

ऐरोलीकर

तपासलं. पूर्ण खाली आणि पूर्ण आत वळलेलं असताना टायर वरच्या हातापासून 14 मि.मी. वर येतो. चिखल भरला की तेवढं पुरणार नाही. रॅकवर दोन्हीकडे 6 मि.मी. चे कॉलर टाकतोय, लॉक (चाक जास्तीत जास्त किती वळतं ते) थोडा कमी होईल, पण फट जवळपास दुप्पट मिळेल. त्याच स्थितीत बॉल जॉइंटचा दांडा कपाच्या कडेला टेकतोय का तेही पाहिलं, टेकत नाही.

जुना_फिटर

सगळ्या नटांवर पिवळ्या रंगाची रेघ मारा, नटापासून ब्रॅकेटपर्यंत सलग. पहिल्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली की तो नट ढिला. आणि पहिली फेरी एकट्यानेच मारा, शेजारची सीट रिकामी ठेवा.

ऐरोलीकर

तसंच करतो, काका. स्प्रिंगांची ऑर्डर आज दिली. त्या येईपर्यंत हात काढून प्रायमर मारून घेतो. बॉल जॉइंटचे कप आणि बोल्टाची भोकं टेपने झाकली आहेत, रंग आत गेला की माप बिघडतं.